आत्याचे एकोणचाळीस दिवस

मेलेल्या मुशीच्या शेपटीपाशी त्यांची पहिली भेट झाली. आता याला प्रेमकथेची सुरुवात कोण म्हणेल! पण झाली ती तशीच, त्याला इलाज नाही.

सकाळची वेळ. बोटी परतल्या होत्या, धक्क्यावर धुवाधुव चालली होती आणि ओल्या सिमेंटवर एक भली मोठी मुशी, म्हणजे पुस्तकातली शार्क, आडवी पडली होती. एक मुलगी तिच्या नाकाशी उकिडवी बसून टेपनं लांबी मोजत होती. वही काखेत, पेन केसांत, आणि टेपचं दुसरं टोक सारखं सुटत होतं. शेवटी वैतागून, वर न बघताच, तिनं समोर आलेल्या दोन पायांना सांगितलं, “ते टोक शेपटीला धरता का जरा?”

पाय थांबले. माणूस वाकला. टोक धरलं गेलं.

“घट्ट धरा. हलू नका.”

“मी नाही हलत. आणि मुशी आता हलेल असं वाटत नाही.”

तिनं मान वर केली. हातात सुरा, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट आणि चेहऱ्यावर अगदी साळसूद भाव. मुशी कापायला आला होता तो.

“मी काम करतेय,” ती म्हणाली. “विनोद नंतर.”

“नंतर म्हणजे किती वाजता?”

तिला हसू आलं, आणि ते लपवायला तिनं तोच आकडा उगीच दोनदा लिहिला.

मग त्यानं मुशीचं पोट उघडलं आणि दोघांचंही हसू गेलं. आत चौदा पिल्लं होती. पूर्ण वाढलेली, आठवड्याभरात पोहायला लागली असती अशी. ती एकेक मोजू लागली. त्यानं काही न विचारता पिल्लं धुतली, लहान-मोठी लावून एका ओळीत मांडली आणि ती शेवटचा आकडा लिहीपर्यंत सुरा खाली ठेवून उभा राहिला. मागून दोघं-तिघं ओरडले, अरे आवर की लवकर. त्यानं मागे पाहिलंही नाही. तिला तो आवडला तो तेव्हा, हे तिला पुष्कळ नंतर कळलं.

ती बेटाभोवतीच्या पाण्यातल्या मुशी आणि कासवं यांचा अभ्यास करायला आली होती. ती कुठे फिरतात, कुठे खातात, कुठे मरतात ते शोधायचं, आणि त्यावरून कुठलं पाणी जाळ्यांना बंद करायचं ते सुचवायचं. बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर तिच्या दोन खोल्या होत्या. खालच्या यंत्रांनी फरशी दिवसभर थरथरायची आणि कपातला चहासुद्धा स्वस्थ बसायचा नाही. तिचे वरिष्ठ, ज्यांना ती सर म्हणायची, ते पलीकडे किनाऱ्यावरच्या शहरात असायचे. धक्क्यावर तिला सगळे टेपवाली म्हणत. तोंडावर नाही म्हणायचे, पण तिला ठाऊक होतं.

तो काकांच्या बोटीवर होता. वडील समुद्रावर गेले ते आलेच नाहीत, तेव्हा हा सहा वर्षांचा. काका-काकूंनी पोटच्या पोरासारखं वाढवलं. बोट काकांची, जाळी काकांची, डोक्यावरचं छप्परही काकांचंच. आणि काका म्हणजे नाकावर माशी बसू न देणारे. धक्क्यावर त्यांच्यापुढे कुणाची बोलायची टाप नव्हती.

समुद्राच्या तळाशी तिनं बारा नळकांडी बांधून ठेवली होती. टॅग लावलेली मुशी जवळून गेली की नळकांडं नोंद करून ठेवायचं, आणि महिन्याभरात एकेक करून ती सगळी वर काढावी लागत. तिचा जुना होडीवाला काम सोडून गेला, तेव्हा यानं धक्क्यावर सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की काकांची छोटी होडी दुपारची रिकामीच असते. सहज कसलं! दोन दिवस घोकून आला होता.

अशा त्यांच्या दुपारी सुरू झाल्या. तो दोर ओढायचा, ती नळकांडं पुसून वाचायची. होडी डुलली की ती त्याच्या खांद्याचा आधार घ्यायची आणि होडी स्थिर झाली तरी हात काढायला जरा उशीर करायची. एकदा पावसाची सर आली. एकच ताडपत्री होती. खाली दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसले आणि हवामानाबद्दल इतकं बोलले, इतकं बोलले, की हवामान खात्यानंही हात टेकले असते.

आणि होती आत्या. आत्या म्हणजे कासव. उथळ पाण्यातल्या गवतावर चरणारी मोठी मादी. मुलीच्या सख्ख्या आत्यासारखीच बघायची, मान वर करून, तुमच्याकडून आम्हाला काही अपेक्षाच नाहीत असा चेहरा करून. तिच्या पाठीवर साबणाच्या वडीएवढा टॅग चिकटवला होता. कासव श्वास घ्यायला वर आलं की टॅग पाण्याबाहेर येतो आणि आकाशातल्या उपग्रहाला ठिकाण कळवतो. पाण्याखाली तो गप्प. पाच कासवांना असे टॅग लावले होते. चार दूर निघून गेली, बेटाजवळ राहिली ती एकटी आत्या. आत्या जिथे राहते ते पाणी वाचवायचं, असा सगळा हिशेब होता.

हा नवा होडीवाला रोज विचारायचा, “आत्या काय म्हणतात?”

“बऱ्या आहेत. गवत खातायत.”

“माझी चौकशी केली का?”

“तुमची कशाला करतील?”

“कुणीतरी करावी,” तो म्हणायचा आणि इंजिनाकडे वळायचा. त्याचे कान लाल झालेले तिला मागून दिसत.

मग एके दिवशी आत्या गप्प झाली. दुसऱ्या दिवशीही सिग्नल नाही. मुलीच्या पोटात अन्न गेलं नाही. धक्क्याच्या पायरीवर फोन मांडीत घेऊन बसून राहिली. तो येऊन दोन पायऱ्या वर उभा राहिला आणि तसाच निघून गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. आत्या होती. जिवंत होती, धक्क्यापासून जवळच होती! ती चप्पल न घालताच धावत त्याला सांगायला गेली. तो हसला, पण जरा उशिरा हसला. रात्रभर जाळ्यावर होता, दमला असेल, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

त्यानंतर आत्या जी नियमित झाली ती झालीच. सकाळी फिरायला जायची, दुपारी परत, रात्री धक्क्यापाशी मुक्काम. कासवं विश्रांतीला ठरल्या जागी परततात हे पुस्तकात होतंच, तेव्हा सर खूश, मुलगीही खूश. नकाशावर रोज एक रेघ वाढत होती आणि ती रोज धावत जाऊन त्याला सांगत होती. तो मात्र दिवसेंदिवस अबोल होत चालला. माणूस प्रेमात पडला की असा होतो, असं तिनं कुठंसं वाचलं होतं. वाचलेलं सगळं खरं असतं तर आणखी काय हवं होतं?

नकाशा तयार झाला. धक्क्यासमोरचं उथळ पाणी जाळ्यांना बंद करावं, असं त्यात होतं. पश्चिमेला दोन ओसाड बेटं आहेत, त्यांच्या मधल्या अरुंद पाण्यात मोठ्या बोटींची जाळी रात्रभर लागतात. ते पाणी उघडं राहणार होतं, कारण आत्या तिकडे कधी गेल्याची नोंदच नव्हती. सोमवारी सभा ठरली.

शुक्रवारी पहाटे ती न सांगताच होडीवर हजर झाली. सभेआधी शेवटचं नळकांडं वाचून घ्यायचं होतं, पार उत्तरेच्या खडकापाशी. तो गोंधळला. म्हणाला, इंजिन कुरकुर करतंय, उद्या जाऊ. तिनं ऐकलं नाही, उडी मारून आत बसली. त्यानं एकदा होडीच्या मागच्या बाजूकडे पाहिलं आणि निमूट इंजिन चालू केलं.

काय दिवस होता तो! पाणी शांत. खडकाच्या सावलीत त्यांनी डबा खाल्ला. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाली, “तू इतका गप्प का असतोस रे?” पहिल्यांदाच तू म्हणाली. त्याचे डोळे भरून आले. काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं… आणि मिटलं. तिनं त्याचा हात हातात घेतला. तिला वाटलं, आपल्याला कळलंय.

संध्याकाळी खोलीवर येऊन तिनं संगणक उघडला आणि तिला हसूच फुटलं. आत्या दिवसभर उत्तरेच्या खडकापाशी होती. म्हणजे आपल्यासोबत होती! आपण तिथे हातात हात घेऊन बसलोय आणि आत्या पाण्यातून बघतेय. हे त्याला आत्ताच सांगायला हवं. जाण्याआधी गंमत म्हणून तिनं आत्याच्या रेघेवर, आपल्या फोननं नोंदवलेली होडीची रेघ ठेवून पाहिली.

दोन रेघा उरल्याच नाहीत. एकच झाली. होडी जिथे वळली तिथे आत्या वळली होती. डबा खायला थांबली तिथे आत्याही तेवढाच वेळ थांबली होती. तिच्या पायाखालची फरशी रोजच थरथरायची. आज ती नाहीशी झाली असं वाटलं.

सकाळी तो होडी धूत होता. ती एक शब्द न बोलता मागच्या बाजूला गेली, पाण्यात सोडलेली दोरी धरली आणि ओढली. लाकडाच्या ओंडक्याला बांधलेला टॅग वर आला. त्यावर कवचाचा एक तुकडा अजून चिकटून होता.

तो उभाच राहिला. हातातल्या बादलीतलं पाणी पायावर सांडत होतं ते त्याला कळत नव्हतं.

“कधी मेली?”

“काल एक्केचाळीस दिवस झाले.”

“कुठे?”

“दोन बेटांच्या मधे. आमच्या जाळ्यात. सकाळी ओढलं तोवर… श्वास कोंडून गेली होती.”

मग त्यानं सगळं सांगितलं. काका म्हणाले होते, यंत्रासकट खोल पाण्यात टाकून दे, कुणाला कळता कामा नये. त्यानं टॅग सुऱ्यानं काढून पत्र्याच्या डब्यात लपवला. दोन दिवस सिग्नल आला नाही तो म्हणूनच. मग त्यानं तिला पायरीवर बसलेलं पाहिलं. एकदाच पाण्यात सोडू, असं म्हणाला होता स्वतःशी. दुसऱ्या दिवशी थांबलो तर ती पुन्हा तशीच बसेल, म्हणून पुन्हा सोडला. रोज होडीमागून आत्याला फिरवून आणायचा, रात्री धक्क्याला बांधून ठेवायचा. मेलेल्या कासवाला त्यानं एकोणचाळीस दिवस पोहवलं होतं.

“काकांना वाचवायला केलंस?”

“पहिल्या दिवशी काकांसाठी. नंतर नाही.”

“मग कशासाठी?”

“तू धावत यायचीस ना… सांगायला.”

इतका राग तिला जन्मात कुणाचा आला नव्हता, आणि इतकं प्रेमही कुणी केलं नव्हतं, आणि हे दोन्ही एकाच माणसाबद्दल एकाच वेळी कसं सोसायचं ते तिला समजेना.

“त्यानंतर आणखी मेली?” तिनं विचारलं.

“तीन. त्याच जागी.”

ती तशीच माघारी वळली.

सरांना फोन केला. सर म्हणाले, आत्याची रेघ पुसून टाक, बाकीच्या चार कासवांवर अहवाल उभा कर, कुणाला काही बोलू नकोस, नाहीतर तुझं नाव कायमचं जाईल. वाईट माणूस नव्हते ते, तिच्या भल्याचंच सांगत होते. पण रेघ पुसली की दोन बेटांमधलं पाणी उघडंच राहणार, जाळी रोज लागणार, कासवं रोज बुडणार. आणि तिथे कासवं मरतात हे डोळ्यांनी पाहिलेली माणसं सगळी काकांच्या शब्दाखालची.

रविवारी ती त्याला एवढंच सांगायला गेली, की मी उद्या नकाशा मागे घेणार आहे, तुझं नाव घेणार नाही.

“मग विचारतील, कुठे मेली.”

“विचारतील.”

“काय सांगशील?”

“मी पाहिलं नाही म्हणेन. खरंच पाहिलं नाही.”

सभेला ये असं ती त्याला म्हणाली नाही. एका माणसाला त्याचं घर सोडायला सांगायचा हक्क आपल्याला कुठून आला, असं तिच्या मनात आलं. वाटेत ती रडली.

सभा शाळेच्या हॉलमध्ये होती. लहान बाकांवर थोराड माणसं गुडघे आखडून बसली होती. पुढे मासेमारी खात्याचे अधिकारी. ती उभी राहिली आणि म्हणाली, की हा नकाशा खोटा आहे, टॅग जिवंत कासवावर नव्हता, ते मला वेळेवर ओळखता आलं नाही आणि चूक माझी आहे. हॉलमध्ये कुजबुज उठली. कुणीतरी फिसकन हसलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, मग कासव मेलं कुठे?

“मी पाहिलं नाही,” ती म्हणाली. काका छताकडे बघत होते.

मागच्या बाकावरून तो उठला. काकांनी त्याचा दंड धरला. “बस खाली.”

तो बसला नाही. “दोन बेटांच्या मधे मेलं,” तो म्हणाला. “आमच्या जाळ्यात. तीन वर्षांत एकवीस कासवं मेली तिथे. मी माझ्या हातांनी सोडवून पाण्यात टाकली, म्हणून आकडा पाठ आहे. मुशींची पिल्लं मोजली नाहीत. मोजता येण्यासारखी नव्हती.”

काकांनी दंड सोडला. उठून बाहेर गेले, आणि त्यांच्यामागे निम्मा हॉल गेला. तो मात्र खाली मान घालून उभाच होता, आणि ती त्याच्याकडे बघत होती. त्या क्षणी त्याच्याशेजारी जाऊन उभं राहावं असं तिला फार वाटलं. पण राग अजून मधे होता.

दुपारपर्यंत दोन बेटांमधलं पाणी जाळ्यांना बंद झालं. संध्याकाळपर्यंत त्याची पिशवी काकांच्या दाराबाहेर आली. काकूंनी आत कपडे नीट घड्या घालून ठेवले होते, वर एक नवा टॉवेलही होता. दार मात्र लावलेलं होतं. कुठल्याच बोटीनं त्याला घेतलं नाही. बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायचं काम मिळालं, झोपायची सोयही तिथेच झाली. सरांचं पत्र आलं. तिच्या जागी दुसरं माणूस येणार होतं. आठ दिवस ती माडीवर सामान बांधत होती आणि तो खाली लाद्या उचलत होता. मधे एक फरशी. दोनदा बोलले, तेही पाणी आलं का, एवढंच.

नवव्या दिवशी तिची ट्रंक धक्क्यावर त्यानंच आणली. प्रवासी लाँच लागली होती. बर्फानं त्याच्या बोटांची सालं निघाली होती. ती बघून तिला राहवलं नाही.

“मला तुझा राग आहे,” ती म्हणाली. “आणि तुला इथे टाकून जाताना जीव तुटतोय. दोन्ही खरं आहे.”

“राग किती दिवस राहील?”

“सांगता येत नाही.”

“बरं,” तो म्हणाला. “मी आहे.”

लाँच सुटली. तो हात न हलवता उभा राहिला. धक्क्यावरचे लोक त्याला वळसा घालून जात होते, कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं, हे तिला दूरवरून दिसत राहिलं.

दिवेलागणीला ती किनाऱ्यावर उतरली. सामान तसंच जमिनीवर ठेवलं आणि तिथूनच त्याला फोन लावला. पलीकडे बर्फाची यंत्रं घरघरत होती.

“पोहोचलीस?”

“हो. एक सांगायचंय. मधे बोलू नकोस.” तिनं श्वास घेतला. “बाराव्या दिवशी मला शंका आली होती. सिग्नल फार येत होते. जिवंत कासव इतक्या वेळा वर येत नाही. टॅग तरंगतोय का ते तपासायला दहा मिनिटं लागली असती. मी तपासलं नाही.”

“का?”

“तपासलं असतं तर… दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे धावत यायला काही कारण राहिलं नसतं.”

मग तिनंच विचारलं, “नंतरची तीन मेली, ती बाराव्या दिवसानंतरची ना?”

“हो,” तो म्हणाला. “तिन्ही.”

तिला रडू फुटलं. लोक बघत होते, बघू देत. तो पलीकडून ऐकत राहिला. गप्प हो म्हणाला नाही, जाऊ दे असंही म्हणाला नाही. बऱ्याच वेळानं त्याचा आवाज आला.

“ती तीन एकटीवर घेऊ नकोस. ती आपली दोघांची.”

“हो,” ती म्हणाली. “आपली.”

त्यानंतर बोलण्यासारखं काही नव्हतं, तरी कुणीच फोन ठेवला नाही.